देशाचं पाणी मोजतात कसं? कोकणातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावच्या पाणी समितीच्या बैठकीत, कॉलेजच्या वर्गात आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. भारताकडे इतके अब्ज घनमीटर पाणी आहे असं वाचल्यावर कोकणातल्या माणसाला ते पटत नाही, आणि त्याचं तसं वाटणं बरोबर आहे. आकडा खोटा नसतो. तो कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे मात्र बहुतेक वेळा सांगितलं जात नाही.

नवीकरणीय जलसंपत्ती म्हणजे नेमकं कोणतं पाणी?

दर वर्षी पावसातून नव्याने मिळणारं आणि नद्यांत किंवा जमिनीखाली पोचणारं पाणी. शेतात दर वर्षी येणारं भाताचं पीक वेगळं आणि कणगीत साठवलेलं जुनं धान्य वेगळं. इथे हिशोब फक्त पिकाचा होतो. राजस्थानच्या किंवा लिबियाच्या वाळवंटाखाली हजारो वर्षांपूर्वी साठलेलं जे पाणी आजच्या पावसाने भरून निघत नाही, ते यात धरत नाहीत. म्हणून हा आकडा साठ्याचा नसतो, दर वर्षीच्या प्रवाहाचा असतो आणि त्यामागे 'प्रति वर्ष' हे शब्द लागतातच.

मग पडलेला सगळा पाऊस का मोजत नाहीत?

कारण त्यातला मोठा भाग नदीपर्यंत पोचतच नाही. भारतावर वर्षाला साधारण ३,८८० अब्ज घनमीटर पाऊस पडतो. त्यातला जवळपास निम्मा झाडं, पिकं आणि उघडी माती हवेत परत सोडतात. ते पाणी वाया गेलं असं कुणी समजू नये. सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचं गवत, आंबा-काजूच्या बागा, वरकस जमिनीतली नाचणी-वरी त्याच पाण्यावर उभी असते. पण ते नळाला आणता येत नाही, म्हणून जलसंपत्तीच्या आकड्यात येत नाही.

टीएमसी, अब्ज घनमीटर, दशलक्ष लिटर यांचा मेळ कसा घालायचा?

एक अब्ज घनमीटर म्हणजे एक घन किलोमीटर, म्हणजेच एक लाख कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २.८३ कोटी घनमीटर. त्यामुळे एका अब्ज घनमीटरात ३५.३ टीएमसी होतात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकत्र क्षमता सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर आहे, म्हणजे जेमतेम दीड अब्ज घनमीटर. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर मोठे आकडे डोळ्यांसमोर येतात.

देशाच्या हिशोबाचं सूत्र काय आहे?

जगभर वापरली जाणारी पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आहे. तिच्या 'ॲक्वास्टॅट' या माहितीसाठ्यात प्रत्येक देशाचा हिशोब एकाच साच्यात मांडलेला असतो. देशातल्या पावसाने नद्यांत आलेलं पाणी घ्यायचं, त्यात जमिनीत मुरलेलं पाणी मिळवायचं आणि दोन्हीकडे मोजलं गेलेलं पाणी एकदा वजा करायचं. हे झालं देशांतर्गत पाणी. त्यात शेजारी देशांतून येणारं पाणी घातलं की एकूण आकडा मिळतो.

भारतासाठी तो असा आहे: नद्यांचं १,४०४, भूजल ४३२, दोन्हीकडे सामाईक ३९०. म्हणजे देशांतर्गत १,४४६ अब्ज घनमीटर. बाहेरून येणारं सुमारे ४६५ धरलं की १,९११.

सामाईक पाणी वजा करायचं म्हणजे काय? एकच पाणी दोनदा कसं मोजलं जातं?

हे कोकणातल्या माणसाला समजावायला सगळ्यात सोपं आहे, कारण ते त्याच्या परसात घडत असतं. आषाढात सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून खाली मुरतो. जांभ्याखाली चिकण मातीचा थर किंवा घट्ट काळा कातळ लागला की त्याला आणखी खाली जाता येत नाही. मग तो आडवा सरकतो आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतो. झऱ्याचा पऱ्या होतो, पऱ्या व्हाळाला मिळतो, व्हाळ नदीला. गणपती आटोपले, पाऊस ओसरला, तरी नदी वाहत असते ती या पाण्यावर.

आता भूजल मोजणाऱ्याने विहिरीची पातळी बघून हे पाणी आपल्या वहीत लिहिलं. नदी मोजणाऱ्याने दिवाळीत तेच पाणी पुलाखालून जाताना बघून आपल्या वहीत लिहिलं. दोन्ही वह्यांची बेरीज केली की एक झरा दोन झाले. भारताच्या ४३२ अब्ज घनमीटर भूजलापैकी ३९० या हिशोबात सामाईक ठरतं, यावरून ही गोष्ट किती मोठी आहे ते कळेल. 'नदीचं पाणी पुरत नाही, मग भूजल आहेच की' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा नीट बघावा. विहिरीतून जास्त उपसलं की पुढे नदीचा उन्हाळी प्रवाह कमी होतो. दोन वेगळी पाणी नाहीतच.

शेजारच्या देशांतून येणारं पाणी आपलं कसं धरायचं?

सगळं धरत नाहीत. करारांनी पुढच्या देशासाठी राखलेलं पाणी वगळतात. इजिप्तच्या स्वतःच्या भूमीवर वर्षाला जेमतेम एक अब्ज घनमीटर पाणी तयार होतं. तो देश जगतो नाईलवर, आणि १९५९च्या सुदानबरोबरच्या कराराने त्याच्या वाट्याला ५५.५ अब्ज घनमीटर आले. बांगलादेशाचं एकूण पाणी १,२२७ अब्ज घनमीटर आहे, पण त्यातलं स्वतःचं फक्त १०५. कागदावर श्रीमंत दिसणारा देश किती परावलंबी आहे ते यातून समजतं. म्हणूनच जगाची बेरीज करताना प्रत्येक देशाचं फक्त देशांतर्गत पाणी घेतात, नाहीतर ब्रह्मपुत्रा चीन, भारत आणि बांगलादेश अशी तीनदा मोजली जाईल. तशी बेरीज वर्षाला सुमारे ४३,००० अब्ज घनमीटर भरते.

भारतासाठी १,८६९, १,९११, १,९९९ आणि २,११६ असे चार आकडे दिसतात. खरा कोणता?

चारही आपापल्या जागी खरे आहेत. १,८६९ हा केंद्रीय जल आयोगाचा १९९३चा अंदाज, तो मुख्यतः नद्यांवरच्या मोजणीवर आधारलेला होता. २०१९मध्ये आयोगाने १९८५ ते २०१५चा पाऊस, उपग्रहावरून मिळालेली जमीनवापराची माहिती आणि बाष्पीभवनाचा हिशोब घेऊन नव्याने गणित मांडलं आणि १,९९९.२ अब्ज घनमीटर आले. नंतर कालखंड २०२३पर्यंत वाढवला, सीमेपलीकडचं काही पाणलोट क्षेत्रही हिशोबात आलं आणि आकडा २,११६च्या जवळ गेला. १,९११ हा ॲक्वास्टॅटचा.

यावरून 'देशात पाणी वाढलं' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. पद्धत बदलली, कालखंड बदलला, हद्द बदलली. कुणी आकडा फेकला की या तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर आल्याशिवाय त्यावर वाद घालू नये.

नदीतून वाहणारं पाणी मोजतात कसं? कोकणातल्या नद्या मोजणं अवघड का?

नदीच्या एका सरळ भागात पात्राची आडवी रेषा ठरवतात, तिचे भाग पाडून प्रत्येक भागाची खोली आणि पाण्याचा वेग मोजतात. क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे प्रवाह. रोज हे करणं शक्य नसतं, म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना प्रवाह मोजून पातळी आणि प्रवाहाचं नातं एकदा बसवून घेतात. मग पट्टीवर पातळी वाचली की प्रवाह कळतो.

कोकणात यात तीन अडचणी येतात. पहिली भरतीची. मुखाजवळ खाडी असते, तिथे पाणी दिवसातून दोनदा उलटं चढतं, त्यामुळे मोजणीची जागा भरतीच्या हद्दीच्या वर घ्यावी लागते. तिच्या खाली मिळणारे सगळे पऱ्ये-व्हाळ मग न मोजलेले राहतात आणि ते पावसावरून अंदाजाने धरावे लागतात. दुसरी अडचण नद्यांच्या आखूडपणाची. घाटावर ढगफुटीसारखा पाऊस झाला की काही तासांत पूर खाली येतो. २२ जुलै २०२१ला चिपळूणने वाशिष्ठीचं जे रूप पाहिलं, तशा दिवशी पट्टीच पाण्याखाली जाते, आणि वर्षाच्या एकूण पाण्यात अशाच दिवसांचा वाटा मोठा असतो. तिसरी अडचण पावसाची. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर त्याच्या निम्माही नाही. पर्जन्यमापकं बहुतेक खाली वस्तीत असतात आणि खरा पाऊस वर जंगलात पडतो.

एवढं करूनही मिळतो तो 'दिसणारा' प्रवाह. देशाच्या हिशोबाला लागतो नैसर्गिक प्रवाह, म्हणजे माणसाने हात लावला नसता तर जो वाहिला असता तो. वर कालव्याने उचललेलं पाणी मिळवायचं, धरणात अडलेलं मिळवायचं, शेतातून परत आलेलं आणि बाहेरून आणलेलं वजा करायचं.

वाशिष्ठी हे त्याचं फार चांगलं उदाहरण आहे. कोयना ही कृष्णेच्या खोऱ्यातली नदी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पोफळीकडे येतं, वीज तयार करतं आणि पुढे वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने या वळवण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. भर मे महिन्यात चिपळूणजवळ वाशिष्ठी भरून वाहताना दिसते ती या पाण्याने. ते वाशिष्ठीच्या खात्यात धरलं आणि कृष्णेच्या खात्यातून काढलं नाही, तर राज्याचा हिशोब फुगतो. टाटांच्या वीज प्रकल्पांमुळे मुळशीचं पाणी भिऱ्याला कुंडलिकेत आणि लोणावळ्याकडचं खोपोलीला पाताळगंगेत येतं, तिथेही हीच काळजी घ्यावी लागते. खोऱ्याच्या हिशोबात हे बाहेरचं पाणी आहे. देशाच्या हिशोबात त्याने एक थेंबही वाढत नाही.

जमिनीखालचं पाणी दिसत नाही, मग त्याचा अंदाज कसा करतात?

निरीक्षण विहिरींवरून. आपल्याकडे राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि केंद्रीय भूमिजल मंडळ ठरावीक महिन्यांत विहिरींची पातळी मोजतात. पावसाआधीची आणि पावसानंतरची पातळी यातला फरक, त्या खडकाची पाणी देण्याची टक्केवारी आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार करायचा.

नमुन्यादाखल एक गाव कल्पू. पाणी मुरायची जागा ४ चौरस किलोमीटर, पातळी चढली ५ मीटर आणि जांभ्याची पाणी देण्याची टक्केवारी अडीच. उत्तर येतं ५ लाख घनमीटर, म्हणजे ५० कोटी लिटर. त्याच जागेवर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी २० लाख घनमीटर पडला होता. चारच टक्के साठले. जमीन भरली की पुढचा पाऊस ती घेत नाही, तो वरून वाहून जातो.

आता दुसऱ्या बाजूने बघा. गावात २,००० माणसं असतील आणि प्रत्येकी रोजचे ५५ लिटर धरले, तर वर्षाला लागतात ४ कोटी लिटर. म्हणजे साठलेलं पाणी गरजेच्या बारा पट आहे. तरी विहीर आटते. ते का, याचं उत्तर दोन प्रश्नांनंतर आहे.

धरण बांधलं की जलसंपत्ती वाढते का?

नाही. धरण पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यात वापरायला देतं, नवं पाणी तयार करत नाही. उलट तलावावरून बाष्पीभवन होतं तेवढं थोडं कमीच होतं. एका खोऱ्यातून दुसऱ्यात पाणी वळवण्याच्या योजनांचंही तसंच. पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात नेण्याबद्दल जी चर्चा चालते, तिच्याबद्दल मत काहीही असो, देशाचा आकडा त्याने बदलत नाही. बदलतं ते कुणाकडे आणि केव्हा पाणी असेल ते.

समुद्राचं पाणी गोडं केलं तर?

ते वेगळ्या रकान्यात लिहितात. कुवेतचं देशांतर्गत नवीकरणीय पाणी शून्य आहे आणि तरी तिथे माणसं राहतात, ती समुद्राचं पाणी गोडं करून. पण ती ऊर्जा खर्चून केलेली निर्मिती आहे, निसर्गाचं वार्षिक देणं नाही.

कोकणात राज्याचं सगळ्यात जास्त पाणी आहे म्हणतात. मग आमच्या वाडीत टँकर का येतो?

आधी आकडा नीट पाहू. महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाच्या १९९९च्या अहवालानुसार राज्यात सरासरी १६३.८२ अब्ज घनमीटर पाणी आहे. त्यातलं ६९.२१ कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचं. म्हणजे राज्यातलं ४२ टक्के पाणी किनाऱ्यालगतच्या एका चिंचोळ्या पट्टीत.

पण यातला नव्वद टक्क्यांहून जास्त पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नद्या आखूड आहेत, उतार तीव्र आहे, दऱ्या अरुंद आहेत, त्यामुळे मोठं धरण बांधायला जागा कमी. केंद्रीय जल आयोगाच्या जुन्या अंदाजात तापी ते ताद्री या पट्ट्यातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचं सरासरी पाणी ८७.४१ अब्ज घनमीटर होतं. दक्षिण गुजरातपासून गोव्यामार्गे कारवार-गोकर्णापर्यंतचा हा पट्टा, कोकण त्याच्या मधोमध. त्यातलं वापरता येण्याजोगं फक्त ११.९४ धरलं होतं. शंभरातले चौदासुद्धा नाहीत. सगळ्या देशासाठी हेच प्रमाण १,८६९ पैकी १,१२३ होतं.

विहिरीचं कारण आणखी जवळचं आहे. आपल्या खडकाचं साठवण कमी आणि उतार जास्त. वर सांगितलेले ५० कोटी लिटर कुणी उपसून संपवलेले नसतात, ते झऱ्यांतून वाहून गेलेले असतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत सड्याखालचा जांभा रिकामा होतो. सगळ्यात आधी कोरड्या पडतात त्या उंचावरच्या वाड्या आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या धनगरवाड्या, जिथे पाऊस सगळ्यात जास्त पडलेला असतो.

इथे सरकारी वर्गवारीतली एक उणीव सांगितलीच पाहिजे. भूजलाचा वापर पुनर्भरणाच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर तालुका 'सुरक्षित' ठरतो. कोकणातले तालुके बहुतांशी या वर्गात येतात, कारण उपसा कमी आहे. पण ज्या तालुक्यात मे महिन्यात बाया-माणसं दीड-दोन किलोमीटरवरून हंडे आणतात, त्याला सुरक्षित म्हणणं माझ्या मनाला पटत नाही. वर्गवारी उपशावर बेतलेली आहे आणि आपला आजार गळतीचा आहे. वार्षिक सरासरीत तो दिसतच नाही. देशाच्या, राज्याच्या आणि तालुक्याच्या प्रत्येक आकड्यासोबत महिनावार आकडा छापला पाहिजे, निदान मार्च ते मे या तीन महिन्यांचा, असं मी आग्रहाने म्हणेन.

पण इतकं पाणी समुद्रात वाया जातं, ते अडवायला नको?

काही अडवायला हवंच. पण 'वाया' हे विशेषण खाडीकाठी राहणाऱ्यांना विचारून लावावं. नदीचं गोडं पाणी आणि गाळ खाडीत येतो म्हणून कांदळवन टिकतं, त्यात कोळंबी आणि माशांची पिल्लं वाढतात, तिसऱ्या-कालवं मिळतात. गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारं पाणी आत सरकतं आणि काठावरच्या बावी मचूळ होतात.

जागतिक हिशोबातही आता हे मान्य झालं आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांतला पाण्याच्या ताणाचा निर्देशांक काढताना एकूण नवीकरणीय पाण्यातून नदीच्या स्वतःच्या गरजेचं पाणी आधी वजा करतात आणि उरलेल्याशी माणसाच्या उपशाचं प्रमाण काढतात. अडवायचं ते पऱ्यावर, दिवाळीच्या सुमाराला, वाहतं पाणी हाताशी असताना. गावोगाव श्रमदानाने घातले जाणारे कच्चे आणि वनराई बंधारे त्यासाठीच असतात. पावसाळ्याच्या पुरावर त्यांचा काहीच परिणाम होत नाही, पण खालच्या विहिरीला महिना-दीड महिना जास्त मिळू शकतो.

दरडोई १,७०० घनमीटरची रेषा कुठून आली?

स्वीडनच्या जलतज्ज्ञ मालिन फाल्कनमार्क यांच्या कामातून. वर्षाला माणशी १,७०० घनमीटरपेक्षा कमी म्हणजे ताण, १,००० पेक्षा कमी म्हणजे टंचाई. भारतासाठी २०११ला हा आकडा १,५४५ होता, २०२१ला १,४८६ धरला गेला. देशांची ढोबळ तुलना करायला रेषा ठीक आहे. कोकणाला लावली तर सगळं आलबेल दिसेल, म्हणून ती गावाला किंवा तालुक्याला लावू नये.

सरासरी किती वर्षांची घेतात? हवामान बदलत असताना तिचा उपयोग काय?

साधारण तीस वर्षं किंवा जास्त. नियोजनासाठी नुसती सरासरी पुरत नाही, म्हणून '७५ टक्के विश्वासार्हतेचं' पाणीही काढतात, म्हणजे चारपैकी तीन वर्षं निदान जेवढं मिळेल तेवढं. महाराष्ट्रासाठी ते १६३.८२ ऐवजी १३१.५६ अब्ज घनमीटर भरतं. पाऊस मोजक्या दिवसांत कोसळू लागला तर वार्षिक बेरीज तीच राहूनही मुरणारं पाणी कमी होईल, आणि हे सरासरीत कळणार नाही. मोजणी सतत चालू ठेवणं एवढाच त्यावर उपाय आहे.

आमच्या गावाचा पाण्याचा ताळेबंद करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तीन गोष्टींपासून. पहिली, एक साधं पर्जन्यमापक. उघड्यावर, झाडांपासून लांब ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याची वेळ तीच आहे. दुसरी, वेगवेगळ्या उंचीवरच्या चार-पाच विहिरी निवडा. काठावरच्या एका खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली महिन्यातून दोनदा मोजा, पंप लावायच्या आधी, पहाटे.

तिसरी गोष्ट म्हणजे पऱ्या, आणि तीच बहुतेक जण सोडून देतात. लहान झरा असेल तर वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. मोठ्या पऱ्यावर पत्र्याला काटकोनी त्रिकोणी खाच पाडून तो आडवा बसवा, बाजूने आणि खालून माती चांगली चोपा, आणि थोडं मागे जाऊन खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर पाणी वाहतं. दिवसाचे ३ लाख ८० हजार लिटर झाले, ५५ लिटरच्या हिशोबाने जवळपास ६,९०० माणसांचे. हे माप नोव्हेंबरपासून पाऊस पडेपर्यंत दर पंधरवड्याला घ्या आणि विहिरींच्या वहीतच शेजारच्या रकान्यात लिहा. पऱ्याचं पाणी कोणत्या पंधरवड्यात निम्म्यावर आलं ते दिसलं की बंधारा केव्हा आणि कुठे घालायचा, यावर ग्रामसभेत बोलायला हातात पुरावा असेल.